मधल्या टेकडीवरचा ओरडा

२९ सप्टेंबर १९१०, गुरुवार

वारा आग्नेय, बेताचा. कावळे आले! सकाळी सहापासून दहापर्यंत आठशेच्या आसपास, माळांमागून माळा, पाइनच्या शेंड्यांच्या जरा वरून. पक्षीकेंद्रासाठी मी आकडे ठेवतो त्या वहीत हे लिहून झालं. त्या वहीत जे लिहिता येत नाही ते इथे.

जाळं ओढलं. तीन सापडले. दोन कसेबसे मारले. तिसरा ओरडला.

बाबांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं. जाळ्याखाली हात घालायचा, कावळा पंखांसकट मुठीत धरायचा, डोकं तोंडात, डोळ्यांच्या जरा मागे दात — कट्. संपलं. रक्त नाही, आवाज नाही, वरून जाणाऱ्यांना पत्ता नाही. समुद्र आणि खाडीच्या मधल्या या वाळूच्या पट्टीवर सगळे असेच मारतात. पट्टीच्या टोकाच्या क्रान्झचे लोक आम्हाला 'कावळेचावे' म्हणून चिडवतात आणि हिवाळ्यात खारवलेले कावळे आमच्याकडूनच नेतात. चिडवू देत.

पण ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्याने काय करायचं?

ऑगस्टात शिडाचा वासा फिरला आणि तोंडावर बसला. चार तिथेच गेले. बाकीचे हलत होते, ते क्रान्झच्या न्हाव्याने एका बैठकीत उपटले. वर म्हणतो, "चला आजोबा, आता दुखायला काही उरलंच नाही!" मीही हसलो. मूर्ख! ऑगस्टात कावळे कुणाच्या डोक्यात असतात?

३० सप्टेंबर

मान पिरगाळून पाहिली. कावळ्याची मान म्हणजे कोंबडीची नव्हे. दुसऱ्या पिळाला तुटते, पण पहिल्या पिळाला तो ओरडतो. मग काठी घेतली. जाळ्यातला पहिला गप्प झाला, दुसरा गप्प झाला, तोवर तिसऱ्याने बोंब ठोकली होती.

एक ओरडा पुरतो. जी माळ टेकडीवरून पुढे गेली ती मागे वळत नाही. पण मागून येणारी एकदम वर चढते, चर्चच्या मनोऱ्याच्याही वर, आणि खाडीच्या बाजूला सरकते. इथवर समजतं. पण त्यानंतरची माळ, जिने काहीच ऐकलेलं नाही, तीही नेमकी त्याच जागी वर चढते. त्यानंतरचीही. दीड तास हेच! जणू हवेत तिथे एक पायरी बांधलेली आहे.

उंच गेलेला कावळा खाली बांधलेल्या आमिषाच्या कावळ्यांकडे बघतही नाही. माझं नुकसान ते माझं. पण पुढे दक्षिणेच्या टेकडीवर क्रिस्तुप बसतो. त्याच्याही डोक्यावरून ते तसेच निघून जातात.

२ ऑक्टोबर, रविवार

रविवारी जाळी बंद. आज नेमके हजारोंनी गेले, खालून, आरामात. पाद्रीबुवांचं प्रवचन चालू असताना निम्मे पुरुष खिडकीबाहेर बघत होते.

चर्चच्या दारात क्रिस्तुपने गाठलं. सगळ्यांसमोर.

"काका, तुमच्या टेकडीवर कावळे मारता की त्यांना गाणं शिकवता?"

लोक हसले. मीही हसलो, तोंड मिटून.

"एखादा निसटतो," मी म्हणालो.

"एखादा? शुक्रवारी मी सात ओरडे मोजले. माझ्या जाळ्यात दिवसभरात चार आले. चार! पोरं विचारतात, बाबा, आज कावळे संपावर गेले का?" मग जवळ येऊन, हळू, "तोंड उघडा बघू."

मी उघडलं नाही.

गावात टेकड्या तीनच. उत्तरेची गावप्रमुख एनुसच्या घराकडे, मधली माझ्याकडे — बाबांची, त्यांच्या बाबांची — आणि दक्षिणेची क्रिस्तुपकडे. नियम जुना आणि सोपा: टेकडी चावणाऱ्याची. ज्याला चावता येत नाही त्याने उठायचं. पाच वर्षांमागे लुकाट म्हाताऱ्याचा जबडा धरेनासा झाला आणि त्याला दक्षिणेच्या टेकडीवरून उठवलं, तेव्हा बैठकीत मान डोलावणाऱ्यांत मी होतो. सगळ्यांत आधी मीच डोलावली होती, खरं लिहायचं तर. लुकाट त्यानंतर दोन हिवाळे जगला. शेगडीशेजारी बसून.

क्रिस्तुपचा भाचा एर्दमान पंचविशीचा आहे. त्याचे दात मी पाहिलेत. घोड्यासारखे.

३ ऑक्टोबर

वारा पश्चिम, जोरात. कावळे नाहीत. बरं झालं.

टेकडी गेली तर काय उरतं ते मांडून पाहिलं. नावेवर मला आता कोणी घेत नाही, हात मंद झालेत. खाडी गोठली की मार्चपर्यंत मासे नाहीत. दोन पिंपं कावळे खारवले तर माझं आणि बायकोचं भागतं. टेकडीशिवाय एकही पिंप भरणार नाही. मग दारोदार. किंवा शेगडी.

४ ऑक्टोबर

उर्तेला कळलं. कळणारच होतं. पिसं तीच उपटते.

आठ कावळे टेबलावर टाकले. तिने एक उचलला, उलटा केला, दुसरा उचलला.

"हे काय आहे? डोकं ठेचलंय."

"काठीने मारले."

"काठीने! पिसं बघ, नुसतं रक्त. उशीत काय भरू, हे?"

"दात नाहीत, उर्ते."

"मला सांगतोस? रोज तुझा पाव ताकात बुडवून देते ती कोण?"

मग मी सगळं बोललो. ओरडा, क्रिस्तुप, एर्दमान. ती पिसं काढत राहिली. मला वाटलं ऐकतच नाही. सहावा कावळा हातात घेऊन म्हणाली, "माझे आहेत."

"काय?"

"दात. बत्तीसातले तीस."

मी म्हणालो, असं कुठे असतं का. बाईमाणूस जाळ्यावर!

"कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं कुठेच नाही. पण कधी कोणी बसलेली पाहिलेली नाही. लोक काय म्हणतील ते मी सांगायला लागलो, तर तिने बोट दाखवलं — कोपऱ्यातल्या पिंपाकडे. तळाला एक थर. बास.

५ ऑक्टोबर

ती माझा जुना तेलकट कोट आणि कानटोपी घालून आली. अंधारात निघालो, एनुसच्या घरामागून न जाता समुद्राच्या बाजूने. फांद्यांच्या झोपडीत दोघांना जेमतेम जागा. मी दोरीपाशी, ती दाराशी.

पहिल्या ओढीला पाच सापडले.

"कुठे?" तिने विचारलं.

"डोळ्यांच्या मागे. कवटी तिथे पातळ असते."

पहिल्याला नीट जमलं नाही, त्याने पंजाने तिच्या हाताची साल काढली. पण ओरडला नाही. दुसरा बरा. पाचवा — मला बाबा आठवले. इतकं स्वच्छ!

मग ती पाठ करून वाळूत थुंकत राहिली. बराच वेळ.

"कसं वाटलं?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"जाळं लाव," ती म्हणाली. "पुढची माळ आली."

एकतीस झाले. एकही ओरडा नाही. माळा खालूनच जात राहिल्या.

६ ऑक्टोबर

एकोणचाळीस. रात्री तिने जेवणात कावळा घेतला नाही, नुसता बटाटा.

८ ऑक्टोबर, शनिवार

बोट सुटायच्या आत आकडे द्यायचे म्हणून घाई. अकरा वर्षांत एक शनिवार चुकलेला नाही. वारा, वेळ, उंची, संख्या. मागच्या खेपेला माळा वर चढल्याचं कळवलं होतं, त्यावर आता पक्षीकेंद्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली आहे: ओरडा ऐकलेली माळ वर चढते हे ठीक, पण तासाभराने येणारी त्याच जागी वर का चढते? तुमचं काय मत?

माझं मत! असतं तर पाठवलं असतं.

११ ऑक्टोबर

धुकं. दहापर्यंत काही दिसत नव्हतं, नुसते बसून होतो. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी पाण्यावर, ती बटाट्यांत, माशांना धूर द्यायच्या खोलीत, गाईपाशी. सलग सहा तास एकमेकांशेजारी आम्ही कधी बसलोच नव्हतो हे आज लक्षात आलं. तिच्या खांद्याची ऊब कोटातून येत होती. कुजबुजत बोलत होती. लहानपणी तिचे वडील तिला टेकडीच्या पायथ्याशी बसवून वर जायचे, ती खालून कावळे बघायची, हे तिने मला आज सांगितलं. छत्तीस वर्षांनी!

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

धुकं उठलं तेव्हा मी तिला डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "माळ तुटते कुठे पण?"

"म्हणजे?"

"नीट बघ ना. ही गेली. आता पुढची यायचीय. मधे काय आहे?"

मधे काही नव्हतं. मग दिसला. एकटा, मागे राहिलेला, दमून उडत असलेला. त्याच्यामागे बऱ्याच अंतराने अजून एक. मग नवी माळ.

"हा पुढच्यांना वर चढताना बघतो, म्हणून तिथे आला की हाही चढतो. मागचे ह्याला बघतात. ओरडा कुणी ऐकलाय? सगळे पुढच्याचं बघून करतात."

खरं होतं! असे एकटे कावळे मी अकरा वर्षं बेरजेत धरतो आणि विसरतो.

"तू मोजतोस," ती म्हणाली. "बघत नाहीस."

रागावून नव्हे. जसं आहे तसं.

१२ ऑक्टोबर

डॉक्टरांना उत्तर लिहिलं. "माझ्या असं लक्षात आलं आहे की दोन माळांच्या मधले एकटे पक्षी..." दीड पान झालं. सुवाच्य अक्षरात.

'माझ्या' खोडून दुसरं काही लिहावं असं एकदा वाटलं. पण मग कोण, कुठली, टेकडीवर काय करत होती, हे सगळं आलं असतं. तसंच ठेवलं.

१३ ऑक्टोबर

चौपन्न! पहिलं पिंप भरलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

बोट गेल्यावर गुत्त्यात गेलो. महिन्यात पहिल्यांदा. आत शिरलो तर एनुस स्वतः उठून उभा राहिला — प्रमुख! — आणि पाठीवर थाप मारली.

"चौपन्न ऐकलं मी. आणि एक ओरडा नाही. म्हाताऱ्या, चावतोस तरी कशाने?"

कोपऱ्यातून कोणीतरी, "कवळी बसवली असेल!"

"कवळी? ती तर कावळ्याच्या डोक्यातच राहील," दुसरा.

"आणि कावळा हसत हसत उडून जाईल!"

हशा पिकला. क्रिस्तुप मात्र हसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "हिरड्यांनी! हिरड्या घट्ट होतात हळूहळू. लोखंड झालंय नुसतं."

कुणीतरी माझ्यासाठी दारू मागवली. मग दुसऱ्याने. मी पहिल्या कावळ्याची गोष्ट सांगितली, पंजाने हाताची साल कशी काढली ती. हात मात्र टेबलाखाली ठेवला. घरी येईपर्यंत ती गोष्ट मला खरीच वाटायला लागली होती. अजूनही थोडी वाटते आहे, लिहिताना.

१६ ऑक्टोबर, रविवार

विहिरीवर क्रिस्तुपच्या बायकोने उर्तेला सांगितलं. घरी आली, बादली खाली ठेवली.

"हिरड्यांनी?"

मी बादली उचलून आत ठेवली.

"जेवून घे," ती म्हणाली.

१८ ऑक्टोबर

एक्केचाळीस. थंडी वाढली. आमिषाच्या दोन कावळ्यांतला एक गारठून गोळा होऊन बसला. असा फुगलेला, मान आत घेतलेला कावळा दिसला की वरचे उतरत नाहीत, त्यांना तो आजारी कळतो. मी चिडून दोरी ओढायला लागलो. उर्तेने तो सोडवला, कोटाच्या आत घेऊन बसली, अर्ध्या तासाने परत बांधला. तो मासे टोचायला लागला, तशी माळ उतरली. बावीस, एका ओढीत!

तिने बावीसच्या बावीस चावले. मग कोटाच्या आतल्या जागेवर हात ठेवून बसून राहिली.

२० ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं. पण या वहीत नाही तर कुठे?

अकराच्या सुमाराला क्रिस्तुप टेकडी चढून आला. मी जाळं लावायला बाहेर होतो, उर्ते झोपडीत. तो वाळूकडे बघत आला होता.

"काका, पावलं दोघांची आहेत."

"असतील."

"कोण असतं झोपडीत?"

"कोणी नाही. उर्ते डबा घेऊन येते."

"पहाटेपासून?"

"गरम लागतो मला. दात नाहीत."

तो झोपडीकडे बघत होता. फांद्यांच्या पलीकडे, दोन हातांवर, ती बसलेली. ओठाला पीस चिकटलेलं असणार, नेहमी असतं. तिला एकूण एक शब्द ऐकू जात होता. मला माहीत होतं आणि मी अजून बोललो — "बाईमाणसाचं काय काम इथे? कावळा बघितला तरी किंचाळेल ती."

क्रिस्तुप म्हणाला, "बरं." गेला.

मी आत गेलो. ती आमिषाच्या कावळ्यांकडे बघत होती.

"तसं म्हणावं लागलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "ओढ, आले."

२१ ऑक्टोबर

आली. सदतीस. कुजबुज नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार

बोटीने डॉक्टरांचं पत्र आलं. 'तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. वार्षिक अहवालात तुमच्या नावाने छापू.' उर्तेला वाचून दाखवलं. मला वाटलं तिला आवडेल. आपलंच आहे ना, घरातलं!

"छान," ती म्हणाली आणि पिंपाचं झाकण बसवायला गेली.

पत्र या वहीत ठेवलं आहे. बाहेर काढून परत वाचावंसं वाटलं नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

उजाडायच्या आत ते टेकडीवर येऊन बसले होते. एनुस, क्रिस्तुप, एर्दमान. आम्ही दोघं वर पोचलो तर समोर तिघं. उर्तेच्या डोक्यावर माझी टोपी.

"डबा लवकर आला आज," क्रिस्तुप म्हणाला.

एनुसला हे आवडत नव्हतं, दिसत होतं. वाळूत बुटाने रेघा काढत होता. "जुर्गिस, भांडायला नको. एक ओढ होऊ दे. तू आमच्यासमोर एक चाव. एकच. मग क्रिस्तुप तुझी माफी मागेल आणि मी दारू पाजीन."

"आणि नाही चावला तर?" एर्दमानने विचारलं.

"गप रे तू," एनुस.

सगळे झोपडीमागे दबून बसलो. वारा आग्नेय, ढग खाली. नेमका इतका चांगला दिवस! पहिलीच माळ उतरली. मी ओढलं. चार.

क्रिस्तुपने जाळ्याखालून एक काढला आणि माझ्या हातात दिला. कावळा उबदार होता. छाती धडधडत होती, त्याची की माझी कळेना.

उर्तेने माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोललो असतो तर! 'मी नाही, ही चावते' — चार शब्द. तिथे उभं राहून चार शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी मी कावळ्याचं डोकं तोंडात घातलं.

हिरड्यांना लागली ती नुसती पिसं आणि हाड. दाबलं. पुन्हा दाबलं. त्याने चोच फिरवली आणि खालचा ओठ फाडला. मग ओरडला. माझ्या तोंडात ओरडला तो! तो आवाज टाळूतून डोक्यात गेला, अजून तिथेच आहे.

मग जे झालं ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पुढची माळ वर चढली नाही. खाली आली. डोक्यावर फिरायला लागली, सगळे मिळून ओरडत. मागची माळ त्यांच्यात मिसळली, मग त्यामागची. दोनशे, तीनशे, गोल गोल. आमिषाचे दोन वाळूला चिकटून पसरले. एर्दमानने डोकं हातांनी झाकलं. क्रिस्तुप ओरडून काहीतरी सांगत होता, ऐकू येत नव्हतं. मी कावळा सोडत नव्हतो, चावतही नव्हतो. रक्त गळ्यात उतरत होतं. माझंच.

उर्ते आली. माझ्या मुठीतून बोटं एकेक सोडवून कावळा घेतला. टोपी काढली, एनुसला तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली, आणि चावली.

कट्.

मग जाळ्यापाशी बसून उरलेले तीन. घाई नाही, काही नाही. तोंड पुसलं.

वरचा गोल हळूहळू विरला. माळा वर चढून खाडीकडे सरकल्या, पुढच्याचं बघून मागचे. त्या दिवशीचे कावळे संपले, सगळ्यांचे.

एनुस इतकंच म्हणाला, "चौपन्न तिने?"

मी मान डोलावली.

"घरी जा. ओठ शिवून घे."

२५ ऑक्टोबर

ओठ सुजला. उर्तेने शिवला, तीन टाके, जाळ्याच्या दोऱ्याने. हात अगदी हलका.

जाळ्यावर कोणी गेलं नाही. आज संध्याकाळी बैठक. मला बोलावलेलं नाही. लुकाटलाही बोलावलं नव्हतं.

खिडकीतून मधली टेकडी दिसते. उद्या तिथे एर्दमान. बाबांची झोपडी तो मोडून नवी बांधेल, त्याला उंची लागेल जास्त.

२६ ऑक्टोबर

एनुस सकाळी आला. दारात टोपी काढली. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता.

"उर्ते," तो म्हणाला, "बैठकीत बराच गोंधळ झाला. क्रिस्तुपने टेबलावर मुठी आपटल्या. पण नियम चावणाऱ्याचा आहे. बाप्याचा आहे असं कुणी कधी म्हटलेलं नाही. मी म्हणालो, दाखवा कुठे म्हटलंय. कुणाला दाखवता आलं नाही." मग जरा थांबून, "मधली टेकडी तुझी. वसंतात परततील तेव्हाही तुझीच."

ती पातेलं घासत होती. म्हणाली, "बरं."

"काही हवंय का?"

"दोरी नवी हवी. ही गाठीगाठींची झालीय."

"देतो पाठवून."

तो गेला आणि मला रडू फुटलं. सांगायला लाज नाही. टेकडी घरातच राहिली! एर्दमान नाही, शेगडी नाही, लुकाट नाही. मी बरणीतली उरलेली दारू काढली, दोन पेले भरले. शिवलेल्या ओठाने पिता येईना, सांडली, हसलो. म्हणालो, आता समुद्राच्या बाजूने लपत जायला नको, टोपी नको, राजरोस जाऊ, गावासमोरून, दोघं. डॉक्टरांनाही लिहून टाकतो खरं काय ते. शनिवारी नक्की.

तिचा पेला तसाच राहिला. दमली असेल.

२७ ऑक्टोबर

वारा आग्नेय. ढग खाली. मी बूट चढवत होतो. उर्ते दारात थांबली, म्हणाली, "तू राहा. झोपडीत दोघांची अडचण होते."

राहिलो.